दुसऱ्या अल्बमचा गुन्हा

जुलै-ऑगस्टात लोणावळ्यात पर्यटकांच्या खालोखाल गर्दी होते ती सिद्धांतांची. बाहेर धो धो पाऊस, खिडकीला चिकटलेलं धुकं, वीज गेलेली. माणूस करणार काय? मतं बनवतो. असंच एक मत यंदा खंडाळ्यापासून तळेगावापर्यंत हिंडतं आहे. ते मांडणारे गृहस्थ पाश्चात्त्य संगीताचे मोठे जाणकार आहेत. निदान त्यांच्या तोंडून तरी तसं वारंवार ऐकलं आहे. त्यांच्याकडे रेकॉर्डी भरपूर आहेत आणि त्या ते ऐकतातही. हरकत आहे ती ऐकून झाल्यानंतरच्या भाषणाला. गिटार शिकणारी दोन-चार पोरं हल्ली तीच वाक्यं बोलू लागली आहेत, म्हणून हा खटाटोप.

पूर्वपक्ष असा. कुठल्याही बँडचा पहिला अल्बम म्हणजे त्याचं खरं रूप. पुढचं सगळं भेसळ. साउंड बदलला, साउंड प्रगल्भ झाला, असं समीक्षक म्हणू लागले की समजावं, बँड विकला गेला. पुरावा म्हणून दर वेळी एकच बँड कठड्यात उभा केला जातो : न्यू वेव्हच्या लाटेतला ‘द पोलीस’. नोव्हेंबर १९७८ मध्ये आलेला ‘आउटलँडोस दामूर’ अस्सल, आणि ऑक्टोबर १९७९ मधला ‘रेगाटा द ब्लाँक’ नक्कल. पहिल्यात वेग, संताप, घाम. दुसऱ्यात नुसती पोकळी आणि घुमणारा आवाज. गाणी पुरेनात म्हणून जुनं उरलंसुरलं बाहेर काढलं, रेकॉर्ड कंपनीच्या धाकानं गुळगुळीत केलं, जमैकावाल्यांचा रेगे उचलला आणि वर इंग्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर जाऊन बसले. एवढं झालं की शेवटचं हुकमी वाक्य येतं : मावळात राहणाऱ्या आपल्याला या गोऱ्यांशी काय देणंघेणं? तासभर त्याच गोऱ्यांवर बोलल्यानंतर हे विचारायला वेगळंच धैर्य लागतं.

आधी ‘अस्सल’पणाचा समाचार घेऊ, कारण बाकीची सगळी इमारत त्याच्यावर उभी आहे.

१९७७ चं लंडन. पंकचा धुमाकूळ चालला होता. तीन कॉर्ड, दोन मिनिटं, वाजवता येत नसेल तर उत्तमच, असा तो काळ. या गदारोळात स्टुअर्ट कोपलंड नावाच्या अमेरिकी ड्रमरनं ‘द पोलीस’ काढला. हा कोपलंड कोण? त्याच्या आदल्याच वर्षापर्यंत तो ‘कर्व्ह्ड एअर’ या बँडमध्ये वाजवत होता. तिथे व्हायोलिन होतं, लांबलचक रचना होत्या, म्हणजे पंकवाले ज्याच्या नावानं बोटं मोडायचे नेमकं ते सगळं होतं. बासवर आणि गायला गॉर्डन समनर, म्हणजेच स्टिंग. न्यूकॅसलकडचा शाळामास्तर, ‘लास्ट एक्झिट’ नावाच्या बँडमध्ये जॅझ वाजवून आलेला. आणि गिटारवर थोड्याच महिन्यांत आलेला अँडी समर्स. जन्म १९४२ चा. पंकची पोरं विशीतली असताना हा पस्तिशीला टेकला होता. साठच्या दशकापासून तो झूट मनीच्या बँडमध्ये वाजवत होता, ‘सॉफ्ट मशीन’मध्ये थोडे दिवस काढले होते, एरिक बर्डनच्या ‘अ‍ॅनिमल्स’मध्ये वाजवलं होतं आणि मध्ये कॅलिफोर्नियात जाऊन शास्त्रशुद्ध क्लासिकल गिटारही शिकून आला होता. त्याच्या आधीचा गिटारवादक आँरी पादोवानी मात्र खरा पंक होता, कारण त्याला मोजक्याच कॉर्ड येत. समर्स आल्यावर काही आठवड्यांतच त्याला बाहेर पडावं लागलं.

आता सांगा, या तिघांनी तीन कॉर्डांचं, चढ्या लयीचं, रागावलेलं संगीत वाजवणं हे त्यांचं ‘खरं रूप’ होतं? हे वेषांतर होतं. पोटापाण्यासाठी केलेलं, मनापासून केलेलं, चांगलं जमलेलं, पण वेषांतरच. लंडनमधल्या ज्या जागांमध्ये तेव्हा नव्या बँडला वाजवायला मिळे, तिथे दुसरं काही चालतच नव्हतं. आणि तीच ती पिवळ्याधम्मक केसांची फोटोतली त्रिमूर्ती, जिच्याकडे पाहून आमचे गृहस्थ ‘काय बंडखोर दिसतात!’ म्हणून उसासा सोडतात, ते केस १९७८ मध्ये एका च्युइंगगमच्या जाहिरातीसाठी रंगवलेले होते. जाहिरातीत पंक बँड हवा होता, म्हणून तिघांनी डोकी रंगवून घेतली. म्हणजे ज्या काळाला अस्सल म्हणायचं त्या काळातलं बंड च्युइंगगमनं प्रायोजित केलं होतं. यावर काय बोलणार?

पंकवाल्यांनाही हे कळत होतं. वाजवता येणाऱ्या या तिघांकडे ते पहिल्यापासून संशयानं पाहत. ज्यांचा गुरुमंत्र आमचे गृहस्थ जपतात, त्यांनीच हा बँड कधी आपला मानला नाही.

बरं, पहिला अल्बम तरी नीट ऐकला आहे का? ‘रॉक्सॅन’ त्याच अल्बमवर आहे. ‘सो लोनली’ही त्यावरच. ‘सो लोनली’त कडवं येतं तेव्हा लय सैल, रेगेच्या अंगानं चालते, ध्रुपद आलं की एकदम सगळे धावत सुटतात. एकाच गाण्यात दोन बँड राहत आहेत आणि मधली भिंत स्पष्ट दिसते. ज्या गोष्टीला ‘दुसऱ्या अल्बमची भेसळ’ म्हणायचं ती पहिल्याच अल्बमच्या निम्म्या गाण्यांत बसलेली आहे. दुसऱ्या अल्बममध्ये झालं एवढंच की ती भिंत पाडली गेली. ‘मेसेज इन अ बॉटल’मध्ये वेग आहे, पण त्या वेगाखाली समर्सच्या रुंद, बोटं ताणून धराव्या लागणाऱ्या कॉर्डा आहेत. कोपलंड त्यात सरळ ठोका देत नाही, हाय-हॅटवर नक्षी काढत पुढे जातो. हे रॉक आहे की रेगे, असं विचारायला गेलं तर उत्तर मिळत नाही. पहिल्या अल्बमवर ते दर चार ओळींनी मिळत होतं.

आता ‘पोकळी’. हा त्यांचा लाडका शब्द आणि माझ्या मते त्यांचा सगळ्यात मोठा प्रमाद, म्हणून इथे जरा जास्त थांबतो. ज्यांना घाई असेल त्यांनी दोन परिच्छेद ओलांडावे.

रॉकच्या ड्रमरला चार मात्रांच्या आवर्तनात पहिल्या मात्रेवर पाय आपटायची सवय असते. इमारतीचा पायाच तो. जमैकाच्या वादकांनी रेगेत एक अजब गोष्ट केली : पहिली मात्रा मोकळी सोडली आणि वजन तिसरीवर टाकलं. जिथे ऐकणारा पाऊल टाकायला जातो तिथे जमीन नाही. पाऊल अधांतरी राहतं आणि मग तिसरीवर येऊन टेकतं. तबल्याच्या ठेक्यात वाढलेल्या कानाला हे लवकर कळायला हवं. सम न वाजवता सम दाखवायची असते हे आपल्याकडे बैठकीत बसणाऱ्या कोणालाही सांगावं लागत नाही. (गृहस्थ बैठकीतही बसतात, पण तिथे त्यांचं लक्ष घड्याळाकडे असतं असा माझा अंदाज आहे.) आता ‘वॉकिंग ऑन द मून’ लावा. बासची मोजक्या सुरांची आकृती फिरत राहते. समर्स एक कॉर्ड वाजवतो आणि हात बाजूला घेतो. ती कॉर्ड यंत्रांतून घुमत, पसरत, विरत जाते. कोपलंडच्या हाय-हॅटलाही प्रतिध्वनी जोडलेला आहे. एक टिपरी मारली की तिची पिल्लं मागून येतात आणि तो त्या पिल्लांच्या मधल्या जागेत पुढची टिपरी ठेवतो. तिघं मिळून जेवढं वाजवतात त्याहून जास्त वाजवायचं टाळतात. ही पोकळी आळसातून आलेली नाही. तीन माणसांनी एकमेकांसाठी मोकळी ठेवलेली जागा आहे ती, आणि ती ठेवायला फार खात्री लागते. नवशिक्या बँडला गप्प राहण्याची भीती वाटते. तो प्रत्येक मात्रा भरून टाकतो. पहिल्या अल्बमवर तेच ऐकू येतं. कान तयार असेल तर त्या भरगच्चपणातली धडधडही ऐकू येते.

मग ही खात्री आली कुठून? इथे गृहस्थांचा ‘गाणी पुरेनात’ हा मुद्दा त्यांच्याच अंगावर उलटतो. गाणी पुरत नव्हती हे खरं आहे. १९७८ च्या ऑक्टोबरात हा बँड अमेरिकेत गेला तेव्हा तिथे त्यांचा अल्बमही बाजारात आलेला नव्हता. एक गाडी, त्यात सामान, छोटे छोटे क्लब, कधी तर समोर मूठभर माणसं. हाताशी असलेली गाणी सगळी वाजवली तरी कार्यक्रमाची वेळ भरेना. म्हणून गाणी मध्येच उघडून लांबवायला सुरुवात झाली. ‘कान्ट स्टँड लूझिंग यू’च्या मध्ये रोज रात्री एक मोकळं रान तयार व्हायला लागलं, त्यात स्टिंग शब्दांवाचून नुसत्या हाका घालायचा, बाकीचे दोघं खालून लय फिरवायचे. ते रान वाढत वाढत स्वतंत्र रचना झालं आणि तीच दुसऱ्या अल्बमला नाव देणारी रचना. पुढे १९८१ मध्ये तिला रॉक वाद्यसंगीताचं ग्रॅमी मिळालं. टंचाईतून निघालेली गोष्ट आहे ही, आणि ती टंचाई लपवण्याचं त्यांना कारणही नव्हतं. ‘ब्रिंग ऑन द नाइट’मध्ये स्टिंगचं आधीचं सामान वापरलं आहे, कबूल. कोपलंडनं लिहिलेली ‘ऑन एनी अदर डे’सारखी गाणी मला स्वतःला भरतीची वाटतात, तेही कबूल. पण भरतीची दोन गाणी आणि घसरण यांत काही फरक राहू द्या की नाही?

‘कंपनीनं बदलायला लावलं’ हा मुद्दा एका परिच्छेदात निकालात निघतो. कंपनीला दुसऱ्या अल्बमसाठी मोठा स्टुडिओ आणि नावाजलेला निर्माता हवा होता. बँडनं नकार दिला. पहिला अल्बम जिथे केला त्याच लेदरहेडच्या सरे साउंड स्टुडिओत ते परत गेले. तो स्टुडिओ नायजेल ग्रे नावाच्या डॉक्टरनं उभा केलेला. मोठ्या नावांच्या यादीत कुठेही नसलेला. पहिल्यासाठी दीड हजार पौंड लागले होते, दुसऱ्याचा खर्च सहा ते नऊ हजारांच्या घरात. पहिल्याच्या कमाईतून तो सहज भागला, त्यामुळे कंपनीला आत डोकावायला फटच राहिली नाही. बाजारासाठी बदलले म्हणता? इंग्लंडमध्ये अल्बम पहिल्या क्रमांकावर गेला, ‘मेसेज इन अ बॉटल’ आणि ‘वॉकिंग ऑन द मून’ ही दोन्ही गाणीही पहिल्या क्रमांकावर गेली. पण सगळ्यात मोठा बाजार अमेरिकेचा. तिथे पहिला अल्बम तेविसाव्या क्रमांकापर्यंत चढला होता, दुसरा पंचविसाव्यापर्यंत. विकले गेले म्हणायचं तर फारच वाईट भावानं विकले गेले.

रेगे उचलला, या आरोपात तथ्य आहे. जमैकाच्या ज्या वादकांनी ती लय घडवली त्यांच्या वाट्याला लंडनच्या गोऱ्या पोरांइतके पैसे आले नाहीत. पण हा आरोप पहिल्या अल्बमलाही तेवढाच लागू आहे. ‘रॉक्सॅन’ ऐकताना ज्यांना तो आठवत नाही त्यांनी वर्षभरानं तो आठवू नये.

इथे एक जुनं भांडण उकरून काढण्याचा मोह होतो आहे आणि मी तो आवरणार नाही. या देशाच्या रेडिओवरून १९४० पासून तीसेक वर्षं पेटी हद्दपार होती. कारण काय, तर तिच्यात मींड निघत नाही, ती परदेशी आहे, ती गळा बिघडवते. त्याच काळात मावळातल्या गावोगावच्या देवळांत, सप्त्यात, कीर्तनात पेटी बिनबोभाट वाजत होती आणि कोणाचा गळा बिघडल्याची तक्रार पांडुरंगाकडे गेल्याचं ऐकिवात नाही. आज तेच लोक, म्हणजे त्याच कुळीतले लोक, पेटीशिवाय भजन कसलं असं म्हणतात आणि भजनी मंडळात इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड दिसला की कपाळावर हात मारतात. अजून तीस वर्षांनी ते कीबोर्डच्या बाजूनं बोलतील. माझं या मंडळींशी एका सप्त्यात कडाक्याचं वाजलं होतं. तेव्हाही त्यांचा युक्तिवाद हाच होता : आम्ही पहिल्यांदा जे ऐकलं ते मूळ, त्यानंतरचं ते बिघडलेलं. आपल्या तारुण्याला काळाचा आरंभ समजायचं, एवढंच या सौंदर्यशास्त्राचं सार आहे.

आता ‘मावळाला काय देणंघेणं?’ गृहस्थ भाज्याला जातात. दर पावसाळ्यात जातात, धबधब्याखाली भिजून झालं की लेण्यातल्या त्या वाद्य वाजवणाऱ्या स्त्रीच्या शिल्पासमोर उभे राहून सोबतच्या मंडळींना सांगतात की हा बघा, तबला आमचा, दोन हजार वर्षांपूर्वीचा. तबलाच आहे का, की जोडीनं वाजवायचं दुसरं काही चर्मवाद्य, यावर वाद आहे. तो वाद मी एकदा घातला आणि घरी जायला उशीर झाला, म्हणून आज सोडून देतो. माझा मुद्दा त्या शिल्पाच्या शेजारच्या चैत्यगृहाविषयी आहे, ज्याकडे ते पाहतच नाहीत.

भाज्याचं चैत्यगृह इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातलं. आत गेलं की खांब आतल्या बाजूला झुकलेले दिसतात. दगडाला झुकायची काहीही गरज नाही. लाकडी इमारतीत छताचा भार पेलायला खांब तिरके ठेवावे लागत. दगडात कोरताना कारागिरांनी तीच चाल जशीच्या तशी उचलली. दर्शनी भाग तर सगळा लाकडाचाच होता. तो गेला आणि आज तोंड उघडं पडलं आहे. त्यानंतर इंद्रायणीच्या खोऱ्याच्या पलीकडच्या अंगाला, समोरच्या डोंगरात, कार्ल्याचं चैत्यगृह कोरलं गेलं. सुमारे अडतीस मीटर लांब, देशातलं सगळ्यात मोठं. तिथे खांब सरळ उभे आहेत. त्यांच्यावर घडे आहेत, हत्ती आहेत, हत्तींवर बसलेली जोडपी आहेत. दर्शनी भिंत दगडाची आहे. दगडाला आपण दगड आहोत हे उमगलं, लाकडाची नक्कल करायची गरज उरली नाही. तरीही छताला लाकडी फासळ्या आहेतच, ज्यांच्यावर भार म्हणून काडीचाही नाही. जुन्याची तेवढी खूण ठेवली. मधल्या टप्प्यावर पवना खोऱ्याच्या बाजूला बेडसे आहे, तेही मावळातच. ही प्रगती की घसरण? भाज्याचे तिरके खांब अस्सल आणि कार्ल्याचे सरळ खांब बाजारू, असं कोणी म्हणालं तर त्याला आपण एकवीरेच्या पायऱ्या चढवून वर नेऊ आणि परत पाठवू. पण बँडच्या बाबतीत नेमकं हेच वाक्य ऐकून पोरं माना डोलावतात.

पहिल्या अल्बममधला पंकचा वेग म्हणजे ते तिरके खांब. दुसऱ्याच्या साहित्याची नक्कल, आपल्या हातात वेगळं साहित्य आल्याचं अजून न कळलेलं.

आणि ‘या गोऱ्यांशी’ म्हणाल तर हे गोरे मार्च १९८० मध्ये मुंबईत येऊन वाजवून गेले होते. हा दुसरा अल्बम बाहेर पडून सहा महिनेही झाले नव्हते. जपान, हाँगकाँग, बँकॉक करत ते इथे आले आणि इथून इजिप्त, ग्रीसकडे गेले. एवढ्या मोठ्या इंग्रजी बँडनं तेव्हा भारतात येणं जवळपास अशक्य होतं. नेणारा-आणणारा धंदाच उभा राहिला नव्हता. कार्यक्रम ठरवला तो टाइम अँड टॅलेंट्स क्लब या मुंबईतल्या बायकांच्या धर्मादाय संस्थेनं. म्हणजे बोरघाट उतरून दोन-तीन तासांवर ‘वॉकिंग ऑन द मून’ प्रत्यक्ष वाजत होतं, ताजं ताजं. मुंबईतल्या श्रोत्यांना पहिला अल्बम खरा आणि दुसरा खोटा हे तेव्हा कोणी सांगितलेलं नव्हतं. त्यांनी दोन्ही एकाच रात्री ऐकले आणि नाचले. ज्ञान उशिरा येतं, दुसरं काय.

दुसऱ्या अल्बमांचा इतिहास काढायचाच तर सरसकट काढा. त्याच न्यू वेव्हमधल्या ‘टॉकिंग हेड्स’नी १९७८ चा दुसरा अल्बम ब्रायन ईनोला घेऊन बहामाजमध्ये केला आणि तिथून त्यांचा खरा प्रवास सुरू झाला. ‘जॉय डिव्हिजन’चा ‘क्लोजर’ दुसराच. ‘टेलिव्हिजन’चा दुसरा अल्बम पहिल्याच्या पासंगाला पुरत नाही, हे एक उदाहरण त्यांच्या बाजूचं, पण ते गृहस्थांना माहीत नसावं, नाहीतर त्यांनी ‘पोलीस’ला छळलं नसतं. आणि इतक्या लांब जायला नको. मुंबईच्या ‘पेंटाग्राम’चा पहिला अल्बम १९९६ चा, गिटारांनी भरलेला. दुसरा, ‘अप’, आला २००२ मध्ये, आणि त्यात इलेक्ट्रॉनिक ठोके, यंत्रांचे थर असं सगळं घुसलेलं. तेव्हाही ‘हे काय केलं यांनी?’ असं म्हणणारे होते. आज त्या बँडचं नाव निघतं ते त्या वळणामुळे. त्याच्या आधीच्या पिढीत मुंबईच्याच ‘रॉक मशीन’नं १९८८ आणि १९९० मध्ये दोन अल्बम काढले आणि पुढे नावासकट कात टाकून ‘इंडस क्रीड’ झाले. दुसऱ्यावर थांबले असते तर आपल्याला सोयीचे पडले असते. त्यांना मात्र नसते.

मंडन थोडक्यात करतो, कारण खरं सांगायचं तर ते करायची फारशी गरज नाही; अल्बम लावला की तो स्वतःची बाजू मांडतो.

माझं म्हणणं एवढंच की बँडचा साउंड हा त्याच्या नावावर नोंदवलेला सातबारा नाही. तो वाजवण्यातून होतो. वर्षभर रोज रात्री तीच तीन माणसं समोरासमोर उभी राहिली की त्यांना एकमेकांचे हात कळतात. काय सोडून दिलं तरी चालेल हे कळतं. पहिल्या अल्बमच्या वेळी ते कळलेलं नसतं, कळणं शक्यच नसतं. त्या पहिल्यात लोकांना दाखवायचं असतं की आम्ही आलो आहोत. दुसऱ्यात, बँड बरा असेल तर, तो ओळख करून द्यायचं थांबवून बोलायला लागतो. सगळ्यांचं तसं होत नाही. ज्यांचं होतं त्यांचं श्रेय नशिबाला किंवा कंपनीला देऊ नये, एवढीच विनंती.

याचा उपयोग मावळात आहे, आणि आत्ता आहे. शनिवारी संध्याकाळी घाटात गाड्यांची रांग लागते तेव्हा लोणावळ्याच्या, कामशेतच्या, पवनाकाठच्या रिसॉर्टांमध्ये पोरं गिटार जुळवत असतात. पुण्यातून आलेली, पिंपरी-चिंचवडची, काही इथलीच. हातात यादी असते आणि यादीत दुसऱ्यांची गाणी. तिसऱ्या ग्लासानंतर एखादं टेबल ओरडून तेच एक गाणं पुन्हा मागतं. अशात एखाद्यानं हिंमत करून स्वतःचं गाणं वाजवलं, वर्षभरानं त्याच गाण्याची लय उतरवली, दोन कडव्यांच्या मध्ये मोकळी जागा सोडली, तर त्याला सांगायला कोण येणार? आमचे गृहस्थ. ‘पूर्वीचं बरं होतं’ म्हणायला. पूर्वीचं त्यांनी ऐकलेलंही नसेल, पण बरं होतं हे त्यांना ठाऊक असतं. त्या पोरांना माझं सांगणं : ऐका त्यांचं, मान डोलवा, आणि लय अजून थोडी उतरवा.

राहता राहिला गृहस्थांचा राग, जो मुळात चुकीच्या पत्त्यावर गेलेला आहे. त्यांना खरोखरच घाईनं उरकलेला, बाजाराच्या वेळापत्रकात कोंबलेला ‘पोलीस’चा अल्बम हवा असेल तर तो आहे. तिसरा. १९८० चा ‘झेनयाटा मोंडाटा’. हॉलंडमध्ये चार आठवड्यांत केला, दौऱ्याला निघायच्या दिवशी पहाटेपर्यंत काम चाललं होतं, आणि बँडमधल्यांनीच पुढे त्याबद्दल नाराजी बोलून दाखवली. लिहायचं तर त्याच्यावर लिहा. दोन गाणी वगळून बाकीच्या मजकुराखाली मी सहीसुद्धा करीन. कोणती दोन, ते समोरासमोर ठरवू, वीज आल्यावर.